अळंबीत प्रथिनं नेमकी किती? एकाच मशरूमचे तीन आकडे का निघतात, ते समजून घ्या

मुंबई उपनगर : पावसाचा जोर धरला, दोन दिवस गडगडाट झाला आणि मग उघडीप पडली की बोरिवली, मुलुंडच्या बाजारात पानांचे पुडे दिसू लागतात. टाकळा, कुर्डू, शेवळं यांच्या शेजारी एखाद्या पाटीत रानातली अळंबी असते. कळ्या बंद, देठ लांब, बुडाला लाल माती. घेणारे बहुतेक जुने गिऱ्हाईक. कोकणातले, गोव्याकडचे, ईस्ट इंडियन घरातले. भाव मटणाशी स्पर्धा करतो, तरी माल तासाभरात संपतो.

त्याच रस्त्यावर पुढे गेलं की भाजीच्या दुकानात प्लास्टिकच्या डबीत बटन मशरूम आणि पाकिटात धिंगरी, म्हणजे ऑयस्टर मशरूम. ठाणे, पालघर, रायगडच्या तालुक्यांत बचत गट आणि तरुण शेतकरी धिंगरी पिकवतात, त्यांचं मोठं गिऱ्हाईक हेच उपनगर. पाकिटावर बऱ्याचदा ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, 'प्रथिने २५ टक्के', 'प्रथिने ३० टक्के'. रानातली अळंबी विकणारी बाई काही छापत नाही, पण गिऱ्हाईक एकमेकांना सांगतात की रानातलं ते जास्त पौष्टिक.

यातलं खरं किती? अळंबीतली पोषकद्रव्यं मोजतात कशी, आकडा कुठे फुगतो, आणि चाचणीचा कागद हातात आल्यावर त्यात काय बघायचं, याची ही माहिती. पिकवणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि खाणाऱ्याला, तिघांनाही उपयोगी पडावी अशी.

दोन वेगळ्या जाती, दोन वेगळे संसार

सगळ्यात आधी एक गोष्ट. 'अळंबी' हे एका जातीचं नाव नाही. कृषी विद्यापीठाच्या पुस्तकांत 'अळिंबी' लिहितात, बोलताना अळंबी, गोव्यात अळमी. या एका शब्दाखाली शेकडो बुरशा येतात.

पावसात वारुळावर उगवते ती टर्मिटोमायसिस या कुळातली. हे कुळ फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे एम यांनी १९४२ मध्ये नोंदवलं. वाळवी जमिनीखाली चावलेल्या पाल्यापाचोळ्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. वाळवी ती खाते, बुरशीला घर मिळतं. योग्य पाऊस झाला की बुरशी लांब देठ काढून जमिनीवर छत्री उघडते. देठाचा मुळासारखा भाग थेट वारुळापर्यंत गेलेला असतो. या जोडीमुळेच ही अळंबी शेडमध्ये पिकवणं आजवर कोणाला व्यापारी पातळीवर जमलेलं नाही. वाळवी गेली की अळंबी गेली, इतकं सरळ.

धिंगरीचा संसार वेगळा. ती लाकूड, पेंढा, पाचट यावर वाढते. भाताचा पेंढा भिजवायचा, गरम पाण्याने किंवा औषधाने निर्जंतुक करायचा, पिशवीत थर देऊन बी, म्हणजे स्पॉन, पेरायचं. १५ ते २० दिवसांत पांढरी बुरशी पिशवीभर पसरते, मग ओलावा ठेवला की फुटवा येतो. भारतात धिंगरीच्या लागवडीचा पाया म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात भाताच्या पेंढ्यावर घातला गेला. आज देशाचं मुख्य केंद्र हिमाचल प्रदेशात सोलन इथलं अळिंबी संशोधन संचालनालय. महाराष्ट्रात पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय अळिंबी प्रकल्पाचं केंद्र आहे.

बटन मशरूम तिसरं. ते कुजवलेल्या खतावर, थंड खोलीत वाढतं. म्हणून त्याला मोठं भांडवल लागतं आणि उपनगरातला बराचसा बटन बाहेरून येतो.

खाणं वेगळं म्हटल्यावर अंगात उतरणारी द्रव्यंही वेगळी. म्हणून 'मशरूममध्ये इतकं प्रोटीन असतं' हे वाक्यच अर्धवट आहे. कुठलं मशरूम, ताजं की वाळलेलं, हे आधी विचारायला हवं.

पहिली मोजणी पाण्याची

प्रयोगशाळेत नमुना गेला की पहिलं काम ओलावा काढण्याचं. ठरावीक वजनाचे तुकडे १०५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवतात. काही तासांनी बाहेर काढून थंड करून वजन करतात, परत ठेवतात. दोन वेळा वजन तेच आलं की उरलेलं ते 'कोरडं द्रव्य'.

ताज्या अळंबीत साधारण ९० टक्के पाणी असतं. म्हणजे एक किलो ताजी धिंगरी खरेदी केली तर त्यात खाण्याचं द्रव्य १०० ग्रॅमच्या आसपास. पाऊस पडताना काढलेल्या रानअळंबीत पाणी अजून थोडं जास्त निघू शकतं, दुपारी काढून टोपलीत सुकत गेलेलीत कमी. म्हणून नमुना कधी काढला आणि किती वेळाने तपासला, याला महत्त्व आहे.

पुढचे सगळे आकडे या एका मोजणीवर उभे असतात. ओलावा चुकला की बाकी सगळं चुकलं.

प्रथिनं थेट मोजत नाहीत

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. नेहमीच्या चाचणीत प्रथिनं मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात.

पद्धत जुनी आहे. डेन्मार्कमधल्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये ती बसवली. नमुना तीव्र गंधकाम्लात उकळतात, त्यामुळे त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या क्षारात बदलतो. मग अल्कली घालून अमोनिया वाफेबरोबर बाहेर काढतात, बोरिक आम्लात पकडतात आणि किती आला ते मोजतात. आता यंत्रं आली, नमुना जाळून नायट्रोजन मोजण्याची ड्युमा पद्धतही वापरतात. पण मोजतात ते नायट्रोजनच.

नायट्रोजन कळला की त्याला एका आकड्याने गुणायचं. प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरून बहुतेक अन्नाला ६.२५ ने गुणतात. इथेच मशरूमची गोम आहे. मशरूमच्या पेशीभित्तीत कायटिन असतं, तेच जे खेकड्याच्या कवचात असतं. कायटिनमध्येही नायट्रोजन आहे, पण ते प्रथिन नाही आणि आपल्याला नीट पचतही नाही. म्हणून मशरूमसाठी ६.२५ च्या ७० टक्के, म्हणजे ४.३८ हा गुणक वापरण्याची रीत आहे.

आता हिशोब करून बघू. समजा वाळवलेल्या धिंगरीत ४ टक्के नायट्रोजन निघाला.

- ६.२५ ने गुणलं तर प्रथिनं २५ टक्के.
- ४.३८ ने गुणलं तर साडेसतरा टक्के.
- तीच धिंगरी ताजी असताना, ९० टक्के पाण्यासकट, १०० ग्रॅममध्ये पावणेदोन ग्रॅम.

एकच मशरूम. एकच चाचणी. आकडे तीन : २५, १७.५ आणि १.७५. तिन्ही छापता येतात आणि कोणीही सरळसरळ खोटं बोललेलं नसतं. पण गिऱ्हाईक फसतं.

कसं, ते बघा. मुलुंडच्या दुकानातून एका आईने मुलासाठी २०० ग्रॅम ताज्या धिंगरीचं पाकीट घेतलं, त्यावर '२५ टक्के प्रथिने' छापलेलं. तिच्या हिशोबाने घरात ५० ग्रॅम प्रथिनं आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम सांगितलेली आहेत. म्हणजे तिला वाटणार, मुलाचं काम झालं. प्रत्यक्षात त्या पाकिटात कोरडं द्रव्य २० ग्रॅम, आणि प्रथिनं साडेतीन ग्रॅमच्या आसपास. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात.

त्या आईने डाळ आणि अंडं कमी करून मशरूम वाढवलं तर नुकसान मुलाचं होतं. पाकिटावरच्या आकड्याचा प्रश्न इथे गंभीर होतो.

मग मशरूममध्ये काही नाहीच का?

तसं मुळीच नाही. जे आहे ते चांगलं आहे, फक्त डाळीच्या जागी बसवायचं नाही.

मशरूमच्या प्रथिनात शरीराला बाहेरूनच घ्यावी लागणारी सगळी अमिनो आम्लं असतात. लायसिन बऱ्यापैकी असतं आणि भात, भाकरीत नेमकं तेच कमी पडतं. म्हणून भाताबरोबर अळंबीचं कालवण ही जोड उत्तम. अमिनो आम्लं वेगवेगळी मोजायची तर नमुना आम्लात उकळून तुकडे करतात आणि एचपीएलसी यंत्रावर एकेक वेगळं करतात. यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल नष्ट होतं, ते स्वतंत्र काढावं लागतं. अहवालात ट्रिप्टोफॅनपुढे शून्य दिसलं तर मशरूममध्ये ते नाही असा अर्थ काढू नये.

स्निग्धांश अगदी कमी, उष्मांक कमी, तंतू चांगले. रायबोफ्लेविन, नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वं भरपूर. पोटॅशियम जास्त, सोडियम कमी. बी-१२ चा उल्लेख काही जाहिरातींत येतो, पण ते नाममात्र असतं. शाकाहारी माणसाने त्याच्या भरवशावर राहू नये. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावं.

याशिवाय मशरूमची स्वतःची म्हणावी अशी तीन द्रव्यं आहेत.

पहिलं बीटा-ग्लुकान. पेशीभित्तीतला हा तंतू. तो मोजायला विकर वापरून साखरेत तोडतात आणि साखर मोजतात. ओट्समध्येही बीटा-ग्लुकान असतं, पण त्याची रचना वेगळी. म्हणून ओट्ससाठीची चाचणी मशरूमला चालत नाही, हे प्रयोगशाळेला आधी विचारून घ्यावं.

दुसरं एर्गोथायोनीन. १९०९ मध्ये फ्रान्समध्ये शार्ल तान्रे यांनी राईवरच्या अर्गट बुरशीतून ते वेगळं केलं. माणसाचं शरीर ते तयार करत नाही, आणि रोजच्या जेवणात त्याचा सगळ्यात मोठा स्रोत मशरूमच. धिंगरीत ते बटनपेक्षा सहसा जास्त निघतं. पेशींची झीज रोखण्याशी त्याचा संबंध असावा म्हणून जगभर अभ्यास चालू आहे. पण अमुक रोग बरा होतो असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

तिसरं एर्गोस्टेरॉल. याची गोष्ट शेतकऱ्याच्या कामाची आहे.

ऊन दाखवा, 'ड' जीवनसत्त्व वाढवा

आपल्या कातडीत उन्हाने 'ड' जीवनसत्त्व तयार होतं, तसंच मशरूममध्ये एर्गोस्टेरॉलवर अतिनील किरणं पडली की 'ड-२' तयार होतं. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटनमध्ये १०० ग्रॅमला १० युनिटसुद्धा नसतं. तेच अतिनील दिव्याखाली धरलं की अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात १००० युनिटच्या वर जातं. आपल्याकडे रोजची शिफारस ६०० युनिटची आहे.

दिवा नसला तरी ऊन आहे. ताज्या मशरूमचे काप करून किंवा पापुद्र्यांची बाजू वर करून दुपारच्या उन्हात ठेवले की अर्ध्या-एक तासात फरक पडतो. काचेआड ठेवू नये, काच अतिनील किरणं अडवते. पावसाळ्यात हे जमणार नाही, पण ऑक्टोबरनंतर मुरबाड, शहापूरच्या कुठल्याही अंगणात जमतं. बिनखर्चाची ही मूल्यवृद्धी. मात्र पाकिटावर 'ड जीवनसत्त्वयुक्त' छापायचं तर दरवेळी तेवढंच उतरतं का, ते तपासून घ्यायलाच हवं. आज ढग, उद्या ऊन, असा माल एका लेबलखाली चालत नाही.

रानातली जास्त पौष्टिक, हे खरं का?

याचं सरळ हो-नाही उत्तर देता येत नाही. कारण तुलना करायला दोन्ही नमुने एकाच पद्धतीने मोजलेले लागतात. एका अभ्यासात ६.२५, दुसऱ्यात ४.३८. एकात फक्त छत्री, दुसऱ्यात देठासकट. एकात कळी, दुसऱ्यात उमललेली. छत्रीत प्रथिनं जास्त असतात आणि देठात तंतू, त्यामुळे भाग बदलला की आकडा बदलतो. असे दोन कागद शेजारी ठेवून 'रानातली श्रेष्ठ' किंवा 'शेडमधली श्रेष्ठ' म्हणणं हे वजनकाटा न बघता भाव ठरवण्यासारखं आहे.

एक फसवा आकडा तर हमखास येतो, लोहाचा. वारुळाच्या अळंबीला लाल माती चिकटलेली असते. ती नीट धुतली नाही तर मातीतलं लोह अळंबीच्या नावावर जमा होतं. खनिजं मोजताना नमुना ५५० अंशांच्या भट्टीत जाळून राख करतात. राख नेहमीपेक्षा फार जास्त निघाली तर आधी मातीचा संशय घ्यावा. लोहाचं कौतुक नंतर.

आणि चव? ती कुठल्याही तक्त्यात नाही. रानातल्या अळंबीला भाव मिळतो तो चवीचा, हंगामाचा आणि दुर्मीळपणाचा. तो रास्त आहे. त्याला प्रथिनांच्या खोट्या आकड्याचा टेकू लागत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटक तक्ते प्रसिद्ध केले. त्यात देशभरातून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थ तपासले आहेत. बटन, ऑयस्टर, शिताके ही मशरूम त्यात आहेत. वारुळावरची अळंबी मात्र त्यात नाही. बोरिवलीच्या पाटीतल्या अळंबीचा अधिकृत आकडा शोधणाऱ्याच्या हाती म्हणूनच दुसऱ्याच जातीचा आकडा पडतो.

शहराच्या कडेची अळंबी : मोजायचं ते विषही

उपनगराची रचना वेगळी आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. पश्चिमेला बोरिवली, पूर्वेला मुलुंड, दक्षिणेला आरे आणि पुढे अंधेरी. वारली, कातकरी, महादेव कोळी, मल्हार कोळी समाजाचे पाडे उद्यानात आणि आरेत आहेत. त्यांना अळंबी कुठल्या वारुळावर, कुठल्या पावसात येते हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण जंगलाच्या चारी बाजूंनी महामार्ग, कारखाने, राडारोडा.

बुरशी जमिनीतले जड धातू ओढून घेते. कॅडमियम, शिसं, पारा, आर्सेनिक. सगळ्या जाती सारख्या ओढत नाहीत, पण धोका सगळीकडे आहे. म्हणून महामार्गाच्या कडेची, नाल्याकाठची, भंगाराच्या गोदामामागची, कचराभूमीजवळची अळंबी खाऊ नये, जात कितीही ओळखीची असली तरी. धुऊन, उकळून धातू जात नाहीत. हे धातू आयसीपी-एमएस किंवा अ‍ॅटोमिक अ‍ॅबसॉर्प्शन यंत्रावर मोजतात. शहराजवळच्या रानअळंबीची चाचणी करायची असेल तर प्रथिनांच्या आधी ही करावी.

शेडमधल्या धिंगरीचाही एक प्रश्न आहे. पेंढा निर्जंतुक करायला अनेक जण फॉर्मालिन आणि बाविस्टिन वापरतात. प्रमाण ठरलेलं आहे, पाण्यात फॉर्मालिन ५०० पीपीएम आणि कार्बेन्डाझिम ७५ पीपीएम. अंदाजाने ओतलं तर अवशेषाची भीती. ८० अंशांच्या गरम पाण्याची किंवा वाफेची पद्धत थोडी कष्टाची, पण गिऱ्हाईकाला छातीठोक सांगता येते.

पोषणाचा अहवाल म्हणजे सुरक्षेचा दाखला नव्हे

हे ठळक लक्षात ठेवा. विषारी अळंबीतही प्रथिनं असतात. केल्डाल चाचणीत तीही छान आकडा देईल. पोषणाच्या चाचणीत विष दिसत नाही.

पावसात उपनगरातल्या मैदानांवर, सोसायटीच्या हिरवळीवर मोठ्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यात क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस ही विषारी जात असू शकते. ती खाल्ली तर एक ते तीन तासांत जोराच्या उलट्या, जुलाब होतात. नवख्याला ती खाण्याच्या अळंबीसारखीच वाटते. तिचे बीजाणू हिरवट, टर्मिटोमायसिसचे फिकट गुलाबी. पण ही खूण अभ्यासकांसाठी आहे. एवढ्यावर कोणी तोडून खाऊ नये.

अमॅनिटा कुळातल्या काही जाती त्याहून घातक. खाल्ल्यावर सहा ते चोवीस तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, मधे बरं वाटतं आणि नंतर यकृत निकामी होतं. उकळल्याने हे विष जात नाही. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा होतो, किड्याने खाल्लेली चांगली असते, या सगळ्या समजुती खोट्या आहेत. शंका आली की घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावं आणि उरलेली अळंबी किंवा तिचा फोटो बरोबर न्यावा.

चाचणी करायची तर अशी करा

अंधेरीसारख्या औद्योगिक पट्ट्यात खाजगी अन्न प्रयोगशाळा आहेत. एकट्याला चाचणी परवडत नाही, गटाने मिळून करावी. पैसे देण्याआधी आणि नंतर पुढच्या गोष्टी पाळाव्यात.

१. प्रयोगशाळा एनएबीएल मान्यताप्राप्त आहे का, आणि तुम्हाला हवी ती चाचणी त्या मान्यतेत येते का, दोन्ही विचारा. नुसता फलक पुरत नाही.

२. नमुना एका पिशवीतला घेऊ नका. तीन-चार पिशव्यांतला, पहिल्या आणि दुसऱ्या तोडणीचा वेगळा ठेवा. पहिल्या आणि शेवटच्या तोडणीत फरक पडतो.

३. माती झटका, हलकेच धुवा, पुसा. कागदी पिशवीत, थंड डब्यात त्याच दिवशी पोचवा. बंद प्लास्टिकमध्ये अळंबी घाम धरते आणि सडते.

४. चिठ्ठीवर जात, तारीख, ठिकाण, पेंढा कसला, छत्री की देठासकट, हे लिहा. रानातली असेल तर वनस्पतिशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयातून जात आधी पक्की करून घ्या. जात न ओळखता आलेला आकडा कोणाच्या कामाचा नाही.

५. अहवालात तीन गोष्टी लिहून मागा : आकडा ताज्या वजनावर की कोरड्या, प्रथिनांचा गुणक ६.२५ की ४.३८, आणि पद्धत कुठली.

६. कर्बोदकांचा आकडा बहुधा मोजलेला नसतो. १०० मधून पाणी, प्रथिनं, स्निग्धांश आणि राख वजा करून उरतं ते. म्हणून प्रथिनं फुगली की कर्बोदकं आपोआप घटतात आणि 'लो कार्ब'ची जाहिरात तयार होते.

पाकिटावर काय छापावं

ताज्या, प्रक्रिया न केलेल्या भाजीवर पोषणाचा तक्ता छापायची सक्ती नाही. पण एकदा दावा छापला की तो सिद्ध करायची जबाबदारी विकणाऱ्याची. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांत घन पदार्थाला 'प्रथिनांचा स्रोत' म्हणायला १०० ग्रॅममध्ये रोजच्या गरजेच्या १० टक्के आणि 'प्रथिनयुक्त' म्हणायला २० टक्के लागतात. ५४ ग्रॅम धरले तर ५.४ आणि १०.८ ग्रॅम. ताजी धिंगरी यात बसत नाही. वाळवलेली बसू शकते.

वाळवलेल्यातही एक फट आहे. 'कोरडं वजन' म्हणजे पाणी शून्य. बाजारातल्या वाळवलेल्या पाकिटात १० टक्क्यांपर्यंत ओलावा राहतोच. म्हणजे साडेसतराचे पावणेसोळा होतात. शिवाय पावडर कोणी १०० ग्रॅम खात नाही. दोन चमचे, समजा १० ग्रॅम, घेतली तर प्रथिनं दीड ग्रॅम. म्हणून 'एका वेळच्या वापरात किती' हे लिहिणं सगळ्यात प्रामाणिक.

मधुमेह बरा, कॅन्सर बरा असं तर चुकूनही छापू नये. १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय जाहिरात कायद्याखाली असे दावे गुन्हा ठरू शकतात, आणि भुर्दंड मोठ्या जाहिरातदाराला नाही, गटाच्या अध्यक्ष बाईला बसतो.

वारूळ राखलं तर अळंबी

शेवटी एक हिशोब कुठल्याच प्रयोगशाळेत होत नाही. राष्ट्रीय उद्यानातून वनोपज काढण्यावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची बंधनं आहेत. दुसरीकडे २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींचा गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला आहे. पाड्यावरच्या बाईची पाटी या दोन कायद्यांच्या मधे ठेवलेली असते.

तालुक्यातल्या शेतकऱ्याकडे मात्र स्वतःच्या बांधावरची वारुळं आहेत. शेत सारखं करताना ती फोडली, वाळवीचं औषध ओतलं, की पुढच्या पावसात अळंबी येत नाही. पिकाला त्रास नसलेलं बांधावरचं एखादं वारूळ राखावं. काढताना खणू नये, देठ जमिनीशी मोडावा, आणि दोन-चार छत्र्या उमलू द्याव्यात म्हणजे बीजाणू पसरतात.

९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. तिथे अळंबीच्या टोपलीपुढे पौष्टिकतेचा फलक दिसला तर एकच प्रश्न विचारावा : हा आकडा ओल्या वजनावर की सुक्या? उत्तर मिळालं तर फलक वाचावा. नाही मिळालं तर फलक सोडून अळंबी घ्यावी, विकणाऱ्या बाईला जात विचारावी, घरी नीट शिजवावी आणि जोडीला डाळ करावी.